विषाणूचं वय

केसपेपरवर मोबाइल नंबरासाठी बोटभर लांबीची एक रेघ असते. एकतीस वर्षं मी केसपेपर भरत आले, मोबाइल आल्यापासून ती रेघही. तेवढ्या रेघेपायी एखादीचं घर मोडू शकतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी रत्नप्रभा कुंभार. विट्याला डॉक्टर माधुरी अणवेकरांच्या प्रसूतिगृहात सिस्टर आहे. आमच्या तालुक्यातले निम्मे पुरुष गलाईच्या धंद्यात, म्हणजे परमुलखात सोनं-चांदी गाळायला. कुणी सेलमला, कुणी कानपूरला, कुणी आणखी कुठं. यात्रेला आणि दिवाळीला गावी येतात, महिनाभर राहतात आणि जातात. बाळंतपणाच्या तारखाही त्याच हिशेबानं पडतात. श्रावणात आमच्याकडे एक खाट रिकामी सापडत नाही.

ते यंत्र आमच्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. दिसायला तांदळाच्या डब्याएवढं. गर्भपिशवीच्या तोंडाशी कापसाची काडी फिरवायची आणि ती काडी यंत्रात घालायची. पॅपिलोमा नावाचा विषाणू तिथं आहे का आणि असला तर कुठल्या प्रकारचा, ते यंत्र सांगतं. एवढं तर जुन्या चाचण्याही सांगायच्या. नवी गोष्ट अशी, की हे यंत्र विषाणूचं वय सांगायचं. तो त्या बाईच्या अंगात किती महिने किंवा किती वर्षं मुक्काम करून आहे, ते.

मॅडमनी मला ते सोपं करून सांगितलं होतं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. शंभरातल्या नव्वद जणींच्या अंगातून दीड-दोन वर्षांत तो आपोआप जातो. जो जात नाही, वर्षानुवर्षं चिकटून बसतो, तो पुढे कॅन्सर करू शकतो. म्हणून वय महत्त्वाचं. तव्याच्या बुडाला जशी दिवसागणिक काजळी धरते, तशा विषाणूच्या जनुकांच्या धाग्यावर बारीक रासायनिक खुणा साठत जातात. यंत्र त्या खुणा मोजतं. खुणा थोड्या तर विषाणू तरणा, घाबरायचं नाही. खुणा पुष्कळ तर तो जुना, नीट तपासायचं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्याच कॅन्सरनं गेली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी नर्स असून मला कळलं नाही, हे दुखणं मी अजून बाळगून आहे. त्यामुळं त्या डब्यावरून मी रोज सकाळी हात फिरवून फडकं मारायची. मॅडम थट्टेनं म्हणायच्या, "सिस्टर, त्याला हळदीकुंकू तेवढं वाहू नका."

मार्चमध्ये सानिका निकम आली. तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, पाचवा महिना. नवरा हर्षवर्धन सेलमला. सोबत सासू विजयमालाबाई. सानिका गालात हसणारी पोरगी होती. वजनकाट्यावर चढताना म्हणाली, "सिस्टर, चपला धरून दोन किलो कमी लिहा."

मी केसपेपर भरायला घेतला. "मोबाइल नंबर?"

सानिका सांगायला लागली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हर्षाचाच लिवा बाई. हिचा फोन कुठं पडलेला असतोय, हिला तरी ठावं असतंय का?"

सानिका हसली. "आत्या म्हणतात ते खरंय. ह्यांचाच लिहा."

मी लिहिला. आमच्याकडे सगळ्याच बायका नवऱ्याचा नंबर देतात. गॅसच्या पुस्तकावर, रेशन कार्डावर, बँकेत, सगळीकडे तोच असतो. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

मॅडमनी तिची काडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट निघाला. यंत्र तो स्वतःच नोंदवलेल्या नंबरावर पाठवायचं. सेलमला भट्टीपुढं बसलेल्या हर्षवर्धनच्या फोनवर बायकोच्या अंगाची खबर गेली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तीन ओळी होत्या. विषाणू आढळला. प्रकार सोळा. वय दहा आठवडे, तीन आठवडे इकडे-तिकडे.

सोळावा प्रकार म्हणजे त्यातला वाईट. पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळ्यांनी वाचली ती तिसरी ओळ.

दुसऱ्या दिवशी विजयमालाबाई एकट्याच आल्या. माझ्या टेबलासमोर बसल्या आणि लेकानं पाठवलेला रिपोर्ट उघडून फोन पुढं केला. आवाज खाली होता.

"दहा आठवडं म्हंजी जानेवारी, नव्हं?"

"हो. पण ते साधारण असतं."

"हर्षा दिवाळी करून गेला, त्यो अजून आला न्हाई. जानेवारीत ही संक्रांतीला म्हायेरला हुती. आठ दिस हुती." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "ह्यो रोग कशानं हुतोय, ते मला हर्षानं फोनवर सांगितलंय. तुमी सांगू नगासा."

खोटं कशाला सांगू, टेबलाखाली मीही बोटांवर आठवडे मोजले. जानेवारीच येत होता. मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी खूप समजावलं, पण यंत्रावर त्यांचाही भरवसा होता, त्यामुळं समजावण्यात जोर नव्हता. बाईंना ते बरोबर कळलं.

त्या आठवड्यात सानिकाला माहेरी आळसंदला पाठवलं. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, पण सातव्या महिन्यात, डोहाळजेवण करून, ओटी भरून. हिला सहावा लागायच्या आत, कपड्यांच्या दोन पिशव्या देऊन जीपमध्ये बसवलं. गावाला समजायचं ते समजलं.

पुढच्या तपासणीला ती आईबरोबर आली. वजनकाट्यावर गप्प चढली, गप्प उतरली. आई बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "सिस्टर, मी संक्रांतीला आईकडं होते. चुलतबहिणी होत्या, आजी होती. तिळाचे लाडू वळले. बाकी काही नाही."

"मला माहीत आहे, बाळ."

"तुम्ही पण मोजलं होतं का?"

मी रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळत राहिले.  त्या दिवशी मला माझी इतकी शरम वाटली, की घरी जाऊन मी जेवले नाही.

मॅडमनी यंत्राच्या कंपनीला पत्र लिहिलं. एक नाही, चार.

श्रावणात सानिकाला मुलगी झाली. साधं बाळंतपण, पावणेतीन किलो, रंगानं बापावर. सासरहून कुणी आलं नाही. सानिकाच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं की दुधातून रोग जातो, म्हणून ती माउली पावडरचा डबा घेऊन बसलेली. मी तो डबा कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. तिला सांगितलं, दुधानं काही होत नाही. बाळंत होताना हजारो लेकरांतून एखाद्याच्याच घशात चामखिळी उठतात. आवाज घोगरा झाला तर दाखवायचं, एवढं ध्यानात ठेवायचं. बाकी पोरीला पोटभर पाजायचं. सानिकानं ऐकलं आणि लेकीला छातीशी घेतलं. त्यानंतर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना.

बारावा दिवस आला. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यात घातल्यावर आत्यानं वाकून कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, की बारसं झालं. हर्षवर्धनची बहीण पल्लवी कडेगावला दिलेली, तासाभराच्या अंतरावर. निरोप गेला. ती आली नाही. सानिकाची आई म्हणाली, मावशी ठेवील नाव, काय बिघडतंय. सानिका ऐकेना.

मला ती नंतर म्हणाली, "मावशीनं ठेवलं तर काय होईल, सिस्टर? गाव म्हणेल, बापाच्या घरचं कुणी आलं नाही, म्हणून आईच्या घरच्यांनी उरकलं. तो डाग माझ्यावर नाही, हिच्यावर पडेल. ज्यांनी ठेवायचं त्यांनीच येऊन ठेवायचं."

पाळणा सजवला होता, घुगऱ्या शिजवल्या होत्या. बायका खाऊन गेल्या. पोर बिननावाची राहिली. जन्माच्या दाखल्याचा अर्ज मीच भरला. त्यात बाळाच्या नावाची रेघ रिकामी सोडली.

सप्टेंबरात कंपनीचं उत्तर आलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, दार लावा. मला जरा ओरडायचंय." पण ओरडल्या नाहीत. पत्र माझ्यापुढं सरकवलं.

उत्तरात होतं ते असं. यंत्राच्या चाचण्या अकरा हजार बायकांवर झाल्या होत्या. त्यांत गरोदर एकही नव्हती. गरोदर बाईवर प्रयोग नको, जोखीम नको, म्हणून त्यांना सुरुवातीलाच वगळलं होतं. आणि नंतर तेच यंत्र प्रसूतिगृहांना विकलं.

गरोदरपणात काय होतं, ते मॅडमनी मला कागदावर आकृती काढून दाखवलं. पोटातलं मूल अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला तेवढं परकं असतं. शरीरानं त्याच्यावर तुटून पडू नये, म्हणून आईच्या अंगातला पहारा त्या नऊ महिन्यांत थोडा ढिला होतो. वर्षानुवर्षं चार पेशींत दबून बसलेला विषाणू नेमका तेव्हा उठतो आणि स्वतःच्या लाखो नव्या प्रती काढतो. त्या सगळ्या कोऱ्या. त्यांवर खुणा नाहीत, काजळी नाही. कापसाच्या काडीला लागतात त्या याच. जुन्या प्रती खाली दडून राहतात. यंत्र सरासरी काढतं आणि सांगतं, दहा आठवडे. तो जागा झाला त्याचे दहा आठवडे. आला कधी, ते यंत्राला ठाऊकच नाही.

"मग आला कधी?" मी विचारलं.

"बाळंतपणानंतर पहारा पुन्हा कडक होतो. नव्या प्रती झडून जातात. पुष्कळ जणींचा विषाणूच निघून जातो. तिचा उरला, तर जुन्याच प्रती उरतील. तीन महिन्यांनी पुन्हा काडी घेऊ. तो आकडा खऱ्याच्या जास्त जवळचा असेल. पण तोही आकडाच, सिस्टर."

मी त्याच दुपारी हर्षवर्धनला फोन लावला. पंखा आणि भट्टीची घरघर ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं.  शेवटी तो म्हणाला, "सिस्टर, आमच्या धंद्यात सोन्याचा कस बघून टंच काढला की काढला. मशीन जो आकडा दाखवतं त्यावर लाखाचा माल देतो-घेतो आम्ही."

माझा भाऊ पंचवीस वर्षं गलाईत होता. मी म्हटलं, "मुशीतलं वितळलेलं सोनं न ढवळता वरच्या वर नमुना घेतला, तर टंच बरोबर येतो का हो?"



"न्हाई येत," तो म्हणाला. "चुकतोय."

"मग?"

"बघतो." त्यानं फोन ठेवला. त्याला पटलं होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. पण तो आला नाही. पटलं की माणूस येतोच, असं मी धरून चालले होते. मी वाट बघितली, सानिकानं बघितली. पोर तीन महिन्यांची व्हायला आली. तिला सगळे बाळी म्हणायचे.

दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना सानिका लेकीला डोसाला घेऊन आली. मॅडमनी दुसऱ्यांदा काडी घेतली. मी नवा केसपेपर काढला, पेन उघडलं आणि म्हटलं, "तुझा नंबर सांग."

"तोच राहू दे."

"अगं पण..."

"पहिला त्यांना गेला होता ना? मग दुसरा पण त्यांनाच जाऊ दे. मी काय सांगून त्यांना खरं वाटणार नाही. मशीननं सांगू दे."

मला ते आवडलं नाही, पण मी लिहिला.

रिपोर्टच्या दिवशी ती सकाळीच येऊन बाकावर बसली होती. मी छापलेले दोन कागद तिच्या हातात दिले. विषाणू आढळला. प्रकार सोळा. वय तीन वर्षं तीन महिने, चार महिने इकडे-तिकडे.

ती ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. लग्न वैशाखातलं, त्याला तीन वर्षं पाच महिने झाले होते. मोजता मोजता तिचा चेहरा उघडत गेला. सात महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं.

"लग्नानंतरचा, सिस्टर. त्यांच्याकडूनच. बघा तरी." ती उठली, आईला फोन लावायला निघाली. दाराशी वळून पुन्हा मला म्हणाली, "माझं काही नव्हतं, बघा."

तिला हायसं वाटलं होतं, पण मला नाही. कारण दुसरं पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिनं ते उलटलंच नव्हतं. सोळावा प्रकार, तीन वर्षांवर मुक्काम, बाळंतपणानंतरही न गेलेला. ज्या आकड्यानं ती गावात निर्दोष ठरणार होती, तोच आकडा तिच्या जिवाला वाईट होता. दहा आठवड्यांचा विषाणू बहुधा आपोआप गेला असता. अक्काच्या वेळी असं दुसरं पान कुणी दिलंच नव्हतं. इथं दिलं होतं, तर कुणी वाचत नव्हतं.

मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि ते पान वाचून दाखवलं. दुर्बिणीतून तपासणी, गरज वाटल्यास तुकडा काढणे, उशीर नको. ती ऐकत होती, पण मन दुसरीकडेच होतं. "करू की, सिस्टर. आधी त्यांना येऊ दे."

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. सेलमहून रात्रभर गाडीत बसून, दाढी वाढलेली. बरोबर पल्लवी होती, तिच्या हातात बाळंतविडा आणि चांदीचे वाळे. सानिका मुद्दाम इथंच भेटायचं म्हणाली होती. घरी नाही.

मी टेबल सोडून जायला निघाले. सानिका म्हणाली, "तुम्ही थांबा. सगळं तुमच्यासमोरच झालंय."

हर्षवर्धन उभाच राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"तुझ्यावर इस्वास ठेवायला पायजे हुता."

"सिस्टरनी सप्टेंबरात फोन केला, तेव्हा तुम्हाला पटलं होतं. मग का आला नाहीत?"

तो पल्लवीकडं बघायला लागला. तिनं मान खाली घातली. बोलला तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"लग्नाच्या आधी तिकडं... आमी पोरं पोरं एका खोलीत राहायचो. लग्नानंतर बी एकदा झालं. मला म्हाईत हुतं ना. रोगाचं नाव वाचल्या वाचल्या पयल्यांदा वाटलं, आपल्याकडनंच गेला. मग खाली वय वाचलं. दहा आठवडं. खरं सांगू? मला बरं वाटलं. सुटलो वाटलं. सिस्टर म्हणाल्या, नमुना चुकलाय, तवा पुन्यांदा माझ्यावरच येत हुतं. म्हणून न्हाई आलो."

 सानिका रागावेल, रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मला पण काल बरंच वाटलं. मी पण सुटले म्हणून हसले." तिनं पर्समधून ते दोन कागद काढले आणि वरचा खाली केला. "हे पान वाचलंत का?"

"न्हाई," तो म्हणाला. "पयलंच वाचलं."

"मी पण."

त्यानं वाचलं. हळूहळू वाचलं, आणि वाचता वाचता बाकावर बसला. पल्लवी पुढं आली. "वहिनी, आधी बाळाचं नाव ठिवूया का? मी वाळं आणल्यात. मग घरी जाऊ. आई वाट बघत्यात."

"वन्सं, नाव ठेवू. घराचंही बघू. आधी हे." तिनं लेकीला हर्षवर्धनच्या मांडीवर ठेवलं. पोरगी त्यानं पहिल्यांदाच घेतली होती. भट्टीत वितळलेलं सोनं उचलणारा माणूस, पण मान कुठं धरायची ते त्याला कळेना. पल्लवीनं त्याचा हात नीट लावून दिला.

आत मॅडमनी दुर्बीण लावली. औषध लावल्यावर एका जागी पांढरट ठिपका उमटला, तुरीच्या डाळीएवढा. मॅडम बराच वेळ बघत होत्या. "सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "कॅन्सर वाटत नाही. त्याच्या अलीकडचं आहे. तुकडा पाठवू आणि जे निघेल ते काढून टाकू. वेळेवर आलीस." मी सानिकाचा हात धरला होता. तुकडा काढताना तिनं माझी बोटं आवळली, ओरडली नाही. मला अक्का आठवली, आणि मी तोंड भिंतीकडं केलं.

मग तुकड्याच्या बाटलीवरची चिठ्ठी लिहायला घेतली. नाव, वय, तारीख. रेघेपाशी पेन थांबलं. मी विचारायच्या आत सानिका बोलली. स्वतःचा नंबर, एकेक आकडा सुटा करून, शाळेत पाढे म्हणावेत तसा. दहाही आकडे झाल्यावर म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला.

बाहेर पोरगी रडायला लागली होती. मी दार उघडून डोकावले. हर्षवर्धन तिला घेऊन बाकापासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता, थोपटत होता, वाळे वाजवून दाखवत होता. ती गप्प होईना. मला बघितल्यावर तो जवळ आला.

"सिस्टर, हिला काय म्हणून हाक मारत्यात?"

मी त्याला सांगितलं, "नुसतं बाळी. नाव ठेवायला तुमच्याकडचं कुणी आलं नव्हतं."